गाऱ्हाणं घालण्याआधी

दाभोळ,
पाडव्यानंतरचा सोमवार

प्रिय मृणाली,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत. तुझी आई तर माझ्यावर ओरडण्याइतकी नक्कीच. खिशात फोन असताना बाबांना कागद कुठून सुचला असं तुला वाटेल. पण फोनवर तू 'सगळं ठीक' म्हणतेस, मी 'बरं बरं' म्हणतो आणि आपलं बोलणं तिथेच संपतं. जहाजावर असताना मी सगळ्या खलाशांची पत्रं लिहून द्यायचो, त्यामुळे हात बसलेला आहे. आपलं सांगून होईपर्यंत समोरचा मध्ये बोलू शकत नाही, हा पत्राचा मोठा फायदा. तेव्हा सावकाश वाच. जेवली नसशील तर आधी जेवून घे.

विषय असा, की होळीच्या आधी तू घरच्या ग्रुपवर जो इंग्रजी मेसेज टाकलास त्याचा अर्थ लावायला मी बसलोय. 'दे लेट मी गो. विल कम फॉर शिमगा. डोन्ट वरी.' एवढाच मेसेज. तेव्हा तो मला इतका सरळ वाटला की त्यात अर्थ लावण्यासारखं काही असेल हे डोक्यातच आलं नाही. शिमगा जवळ आला की आपल्याकडच्या पुण्या-मुंबईच्या पोरांच्या तोंडी एकच विषय असतो, रजा. कुणाचा साहेब देतो, कुणाचा अडवून ठेवतो, कुणी आजीला पुन्हा एकदा आजारी पाडतं. गेल्या वर्षी तुला मिळाली नव्हती. पालखी आपल्या अंगणात नाचत होती आणि तू ती आईच्या फोनवर बघत होतीस, मध्येच चित्र अडकलं. ते माझ्या मनात होतंच. त्यामुळे 'त्यांनी मला जाऊ दिलं' एवढंच मी वाचलं आणि चपला घालून बंदरावर गेलो. भेटेल त्याला सांगितलं, आमच्या बायला यंदा कंपनीने सोडलं.

आता मला वाटतंय की मी अर्थ चुकीचा घेतला. एकट्याने घेतला असता तर गिळून टाकला असता, पण मी तो अख्ख्या वाडीला घ्यायला लावला. त्या शब्दांचा दुसराही अर्थ होतो म्हणे. कामावरून काढून टाकलं, असा. ह्यातला कुठला खरा, हे मला कळायला हवं. आणि तू आपणहून सांगत नाहीस, म्हणून मी माझ्या पद्धतीने शोधत निघालोय.

माझी पद्धत तुला माहीत नसेल. ती मला जहाजावरच्या एका जुन्या खलाशाने, मुरुडच्या विठू तांडेलांनी शिकवली. मी पहिल्या जहाजावर अगदीच कोवळा खलाशी होतो. जहाज धक्क्याला लागत होतं, माझ्या हातात दोर होता आणि वरून साहेब ओरडला, 'मेक फास्ट!' शाळेत मी फास्ट म्हणजे जलद असं शिकलो होतो. मी जीव तोडून दोर ओढायला लागलो. तो पुन्हा ओरडला, मी आणखी जोरात ओढला. विठू तांडेलांनी मागून मानगूट धरली आणि म्हणाले, 'मेल्या, बोट लागली धक्क्याला. आता कुठं पळवतोस? दोर बांध.' तेव्हा कळलं की जहाजावर फास्ट म्हणजे पक्कं बांधणं. पुढे एका एकादशीला तोच साहेब मला ताट नाकारताना बघून 'फास्ट?' म्हणाला, तेव्हा मी धावत जाऊन दोर तपासून आलो. सगळे पोट धरून हसले. नंतर तांडेलांनी मला बाजूला बसवून सांगितलं की इंग्रजी येत नाही म्हणून घाबरू नकोस. शब्द कानावर पडला की लगेच त्याच्यामागे धावायचं नाही. आधी बघायचं, बोलणारा कुठे उभा आहे, दोर ताणलेला आहे की सैल, समोर ताट आहे की धक्का. पुढे सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या झालो, निवृत्त झालो, तोपर्यंत मी सगळं इंग्रजी असंच शिकलो.

तर मी तुझ्या मेसेजच्या आजूबाजूला बघायला लागलो. पहिली गोष्ट त्या मेसेजमध्येच होती आणि ती मला तेव्हा दिसली नाही. रजा मिळाली, शिमग्याला येते, हे कळवून झाल्यावर 'काळजी करू नका' कोण लिहितं? रजेत काळजी करण्यासारखं काय असतं?

दुसरी गोष्ट तुझ्या सामानात होती. दापोलीहून येणाऱ्या एसटीतून तू उतरलीस तेव्हा तुझ्या दोन्ही खांद्यांना बॅगा होत्या आणि हातात ते पांढऱ्या कपातलं मनीप्लांटचं रोप. सगळ्या घाटातून तू ते मांडीवर घेऊन आली होतीस. आईच्या हातात देऊन म्हणालीस, ह्याला ऊन दाखव, पण कडक नको. आई कौतुकाने ते घेऊन मागच्या पडवीत गेली. मला ते रोप कुठेतरी बघितल्यासारखं वाटत होतं, पण कुठे ते आठवेना. पालखीची गडबड होती, अंगण सारवायचं होतं, मी विसरून गेलो.

तू इथे होतीस तेव्हा आणखीही काही दिसत होतं, पण मी ते सणाच्या खात्यावर टाकत होतो. दरवेळी आलीस की तू तो काळा लॅपटॉप काखोटीला मारून कातळावर जातेस, कारण रेंज तिथेच मिळते, आणि मारुतीच्या देवळाच्या सावलीत बसून तुझ्या साहेबांशी हुज्जत घालतेस. पोरं तुला चिडवतातही, मारुतीने कंपनी काढली म्हणून. यंदाही तू रोज कातळावर गेलीस, पण रिकाम्या हाताने. मला वाटलं, बरं झालं, पोरगी सुट्टी सुट्टीसारखी घेते. तुझा फोन यंदा एकदाही वाजला नाही. त्याचंही मला बरंच वाटलं.

आणि मग पालखी आली. हे मला लिहायचंच आहे, कारण ह्यासाठी मला सगळ्यात वाईट वाटतं. ढोल थांबले, पालखी पाटावर बसली, आईने आणि तू ओटी भरलीत, आणि गंगाराम गुरवाने विचारलं की गाऱ्हाणं काय घालायचं. मी छाती पुढे काढून त्याच्या कानात सांगितलं. गंगारामचा आवाज तुला माहीत आहे, खाडीपलीकडे ऐकू जातो. त्याने हात जोडले आणि म्हणाला, 'बा म्हाराजा, ह्या महिपताच्या लेकीला कंपनीने सणाला सोडलान. त्या कंपनीच्या धंद्याला बरकत दे, आणि दरसाल तिला अशीच सोडायची त्यांना बुद्धी दे, म्हाराजा!' आणि सगळी वाडी एका आवाजात 'होय म्हाराजा' म्हणाली.

तूही म्हणालीस. मी तुझ्याकडे बघत होतो. तुझी मान खाली होती, ओठ हलले आणि मग तू एकदम हसलीस. हसता हसता पदराने डोळे पुसलेस आणि गुलाल गेला डोळ्यांत म्हणालीस. मला ते खरं वाटलं, कारण गुलाल होताच. आज ते आठवलं की जेवण जात नाही. पोरीच्या तोंडून मी तिच्याच पोटावर पाय देणाऱ्यांसाठी आशीर्वाद मागून घेतला, तोही वाजतगाजत. अर्थात माझा हा दुसरा अर्थ खरा असला तर. अजून मी पक्कं म्हणत नाही.

तू गेलीस, सोमवारी ऑफिस आहे म्हणून, आणि रोप इथेच ठेवून गेलीस. एकदा सकाळी मी त्याला पाणी घालत होतो. कपावर तुझ्या कंपनीचं नाव बघितलं आणि डोक्यात लखकन उजेड पडला. दिवाळीत तू आम्हाला फोनवरून तुझी बसायची जागा दाखवली होतीस. हा माझा संगणक, ही माझी खुर्ची, हे माझं झाड. तेच हे झाड. मी तांब्या खाली ठेवला आणि तिथेच पायरीवर बसलो.

ह्याचं कारण सांगतो. जहाजावर प्रत्येक खलाशाच्या बिछान्यावर त्याच्या देवाची एक छोटी तसबीर असते. माझ्याकडे आपल्या ग्रामदेवतेची होती, तू ती बघितली आहेस. बंदर लागलं, गडी दोन दिवस गावात फिरायला गेला, तर तो तसबीर तशीच ठेवून जातो. आजारी पडून किनाऱ्यावर इस्पितळात गेला तरी ठेवूनच जातो, कारण परत यायचं असतं. तसबीर खाली उतरवून, पंच्यात गुंडाळून पेटीत घातली की सगळे समजतात, हा चालला. त्याला कुणी विचारत नाही, तोही सांगत नाही. मी असे कितीतरी गडी तसबिरीवरून ओळखले आणि माझ्या घरात ती कपातून आली तर मला दिसली नाही.

तरीपण एवढ्यावर निकाल देणं बरं नाही. म्हणून मी देवदत्त सरांकडे गेलो. दापोलीच्या शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं, आता सुपारीची बाग बघतात. मी नाव न सांगता विचारलं, सर, लेट गो म्हणजे काय? माझ्या ओळखीचा अर्थ एकच, नांगर सोडण्याची ऑर्डर. सर खुश झाले. नांगर सोडणं हा अर्थ त्यांना माहीत नव्हता, त्यांनी तो लिहून घेतला, आणि मग स्वतःकडचे काढायला लागले. हातातली वस्तू सोडून देणं. मनातला राग सोडून देणं. कैद्याला मोकळा करणं. जाऊ देणं. मला वाटलं इतके अर्थ एकाच घरात नांदतात कसे, भांडत नाहीत का? सर म्हणाले, सुटा शब्द विचारू नका, वाक्य दाखवा. मी फोन पुढे केला. सरांनी मेसेज वाचला, वर तुझं नाव वाचलं, चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, 'दोन्ही अर्थ होतात, महिपतराव. पण रजेबद्दल सहसा असं लिहीत नाहीत.' आणि लगेच यंदा सुपारीला कोळेरोग कसा लागला ते सांगू लागले. मी रोगाबद्दल काही विचारलं नव्हतं. निघताना त्यांनी मला फाटकापर्यंत सोडलं, एरवी ते खुर्चीतून हात करतात. अर्थ मला तिथेच अर्धाअधिक लागला.

तुझ्या आईचा अर्थ मात्र तिसराच आहे, आणि तो तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिने माझ्याकडून तो मेसेज मराठीत करून घेतला, थोडा वेळ भाजी निवडत बसली आणि म्हणाली, कुठल्यातरी मुलाकडच्यांनी नकार दिलाय. 'दे' म्हणजे त्याचे आईवडील. तिचे पुरावे असे, की तू पुरणपोळी अर्धी ठेवलीस, तुझ्या मैत्रिणीच्या, ओवीच्या साखरपुड्याचे फोटो बघताना उठून गेलीस आणि आरशात बघितलं नाहीस. तेव्हापासून ती त्या नसलेल्या मुलाला रोज शिव्या घालते. उंची बेताचीच असणार, असं काल म्हणाली. मी तिला माझा अर्थ अजून सांगितलेला नाही. तुझ्याकडून पक्कं झाल्याशिवाय सांगणारही नाही, पण लवकर काय ते कळू दे. त्या बिचाऱ्या मुलाची आता मलाच दया यायला लागली आहे.

शेवटी मी तुला फोन केला. पूर्वी सकाळच्या कामाच्या वेळी फोन केला की तू कापायचीस आणि मीटिंगमध्ये आहे असा मेसेज यायचा. त्याचा मला थोडा रागही यायचा, पण वाडीत सांगायला बरं वाटायचं. परवा मुद्दाम त्याच वेळेला लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तू उचललास. मागे कुकरची शिट्टी झाली. मी विचारलं ऑफिस कसं चाललंय, तू म्हणालीस ठीक. मी म्हटलं बरं बरं. राग आला नाही. तू त्या खोलीत दिवसभर एकटी बसून काय करत असशील, कुणाशी बोलत असशील, हेच डोक्यात फिरत राहिलं.

तू का सांगितलं नाहीस तेही मी शोधलं. ते शोधायला कुठे जावं लागलं नाही. आमच्या घराण्यात पहिली कायमची नोकरी म्हणून मीच तुला मिरवत आलो. लग्नाला गेलो की लग्नात, बारशाला गेलो की बारशात. अशा बापाला कुठल्या तोंडाने सांगणार? आणि सांगायला म्हणूनच तू आली असशील तर आल्या आल्या मी तुझ्यासमोर पालखी उभी केली आणि वाडीभर ढोल वाजवले. पण एक गोष्ट तू लहानपणापासून बघितलीस आणि तरी विसरलीस असं मला वाटतं. मी स्वतः किती वेळा सुटून घरी आलो? प्रत्येक करार संपला की कंपनी मला घरी पाठवायची. पुढचं जहाज कधी मिळेल, मिळेल की नाही, कुणी सांगू शकायचं नाही. मी ओट्यावर बसून जाळी विणायचो, तुला खांद्यावर बसवून खाडीवर न्यायचो. त्यावेळी आपल्या घरावर कुणी काळं निशाण लावलं होतं का? उलट तू शाळेत सांगायचीस, माझे बाबा सध्या घरी असतात. किती ऐटीत सांगायचीस. दाभोळात प्रत्येक घरातला एक माणूस कधी ना कधी असाच घरी बसलेला असतो. आपल्यात त्याला फक्त घरी आलाय असं म्हणतात.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. नांगर टाकायचा असतो तेव्हा सारंग जहाजाच्या पुढच्या टोकाला ब्रेकवर हात ठेवून उभा असतो आणि ऑर्डर लांब मागून, ब्रिजवरून येते. ती ऐकली की लगेच ब्रेक सोडायचा नसतो. आधी ती जशी ऐकली तशी मोठ्याने परत बोलून दाखवायची, म्हणजे ऐकण्यात चूक असली तर वरचा माणूस सुधारतो. मी जन्मभर हे केलं, फक्त तुझ्या वेळी विसरलो, म्हणून आता परत बोलून दाखवतोय. मी ऐकलं ते असं: तुला कामावरून काढलं आहे, तू ते एकटीने सोसते आहेस, आणि आम्ही खचू म्हणून सांगत नाहीस. चुकीचं ऐकलं असेल तर सुधार, मी कान पकडीन. मी काल देवळात जाऊन गंगारामला विचारून आलो, घातलेलं गाऱ्हाणं बदलता येतं का. तो म्हणाला, पालखी देवळात परत बसली म्हणून काय झालं, नारळ घेऊन कधीही या, पण देवीला नेमकं काय सांगायचं ते ठरवून या, सारखं सारखं बदलू नका. नारळ आणून फडताळात ठेवलाय. ह्यावेळी गंगारामला सांगायला लावणार नाही, मी स्वतः घालीन, हळू आवाजात. काय घालायचं तेही जमवून ठेवलंय. पण गाऱ्हाणं घालणाऱ्याने आपणच होय म्हणून चालत नाही, होय म्हणायला दुसरं माणूस लागतं. तुझी आई येईलच, पण मला तुझा आवाज हवाय. काही कळवू नकोस, काही समजावू नकोस. मी ऐकलं ते बरोबर असेल तर फक्त एसटीत बस, मी नाक्यावर असेन.

तुझाच,
नारळ सोलून वाट बघणारा
बाबा